तालमीचं भाडं

नाटकासाठी काम करणाऱ्या एखाद्या न्यासाचा किंवा प्रतिष्ठानचा वार्षिक अहवाल उघडून पाहा. त्यातली छायाचित्रं बहुतेक एकाच आठवड्यातली असतात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, मागे प्रायोजकांच्या नावांनी भरलेला फलक आणि शेवटच्या पानावर दोन-चार नाटकांतले क्षण. उरलेले एक्कावन्न आठवडे अहवालात नसतात. संस्थेच्या कामातही बहुधा नसतात, आणि माझा आक्षेप तिथूनच सुरू होतो.

नाट्यमहोत्सव भरवणं हे नाटकासाठी करता येण्यासारख्या कामांपैकी सर्वांत ठळक दिसणारं काम आहे. नाटकवाल्यांची गरज विचारली, तर मात्र ते यादीत बरंच खाली सापडेल. तरीही दानशूर माणूस, कंपनी, बँक, नगरपालिका, कुणीही नाटकासाठी काही करायचं ठरवलं की पहिला विचार महोत्सवाचाच येतो. चार दिवस, पाच नाटकं, एक परिसंवाद, एक जीवनगौरव. यामागे कुणाचा वाईट हेतू नसतो. आपल्याकडे कलेला मदत करण्याची कल्पनाच मुळी संगीताच्या मैफिलीवरून आलेली आहे, असं मला वाटतं.

पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव हे त्याचं सर्वांत तेजस्वी उदाहरण. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, भीमसेन जोशींनी गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळाने तो इतकी वर्षं चालवला आणि त्याने श्रोत्यांच्या पिढ्या घडवल्या, याबद्दल वाद नाही. पण तो उभा राहतो कशावर? मंचावर येणारा गवई आपला रियाज घरी करून आलेला असतो. तंबोरा त्याचा, गुरू त्याचा, पहाटेचे तास त्याचे. साथीदार आदल्या दिवशी भेटले तरी चालतं. महोत्सवाने त्याला एक संध्याकाळ आणि जाणते कान दिले की पुरे. शिवाय त्याच मोसमात तो आणखी दहा गावांत गाणार असतो.

नाटकाला हे लागू पडत नाही. नाटकाचा रियाज एकट्याने घरी करता येत नाही. त्याला दहा-बारा माणसं लागतात, ती एकाच वेळी एका जागी लागतात, आणि दीड-दोन महिने रोज लागतात. शहरातल्या कुठल्याही हौशी किंवा प्रायोगिक संस्थेची तालीम जाऊन पाहावी. शाळेचा हॉल संध्याकाळी सातला मिळतो. पहिली वीस मिनिटं बाकं भिंतीला लावण्यात जातात. मग खडूने फरशीवर दार, खिडकी, पलंग आखायचे, कारण उद्या सकाळी प्रार्थनेला मुलं येतील तेव्हा तिथे काही राहता कामा नये. नायिकेची लोकल चुकलेली असते, तिच्या जागी बॅकस्टेजचा मुलगा वाक्यं वाचतो. साडेआठला प्रवेशाला कुठे रंग चढायला लागतो आणि नऊला शिपाई येऊन पंखे बंद करतो. त्याचीही चूक नसते, त्याला घरी जायचं असतं. हॉलचं भाडं दिग्दर्शकाच्या पगारातून गेलेलं असतं. या दोन तासांसाठी पैसे देणारी संस्था शोधून दाखवा. हेच नाटक पुढे महोत्सवात आलं, तर त्याच्या एका प्रयोगाच्या रोषणाईवर आणि फलकांवर जेवढं खर्च होतं, तेवढ्यात अख्खी तालीम निघाली असती.

मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या एका संपूर्ण पर्वाला आपण दादरच्या एका शाळेच्या नावाने ओळखतो, हे उगीच नाही. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१ साली ‘आविष्कार’ काढली आणि १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू झाले. हॉल नाटकासाठी बांधलेला नव्हता. पण तो परवडणारा होता, स्टेशनजवळ होता, आणि मुख्य म्हणजे पुढच्या आठवड्यातही मिळणार होता. त्या काळातल्या लेखक-दिग्दर्शकांच्या प्रतिभेवर आपण पुष्कळ लिहिलं, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण तारखांची वही सांभाळणाऱ्या, भाडं भरणाऱ्या आणि चहाचा हिशेब ठेवणाऱ्या काकडेकाकांवर त्या मानाने कमी लिहिलं. मला विचाराल, तर प्रतिष्ठानने जे करायचं असतं ते काम एक माणूस कित्येक वर्षं करत होता.

मुंबईतच दुसरं उदाहरण आहे, आणि ते रीतसर न्यासाचं आहे. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ साली ‘पृथ्वी थिएटर्स’ ही फिरती कंपनी काढली आणि १९६० पर्यंत चालवली. प्रयोग संपला की ते दाराशी झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत. जुहूला त्यांनी भाडेपट्ट्याने घेतलेली जागा त्यांच्या मृत्यूनंतर, १९७२ मध्ये, कुटुंबापुढे खरेदीसाठी आली. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी १९७५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ न्यास काढला. आता त्यांनी काय करावं? वडिलांच्या नावाने स्मृतिमहोत्सव भरवणं सोपं होतं. त्यांनी नाट्यगृह बांधलं. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ते सुरू झालं. दोनशेच्या आसपास खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक, नटाच्या कपाळावरचा घाम दिसेल इतकं अंतर. तिथला पहिला प्रयोग गोविंद पुरुषोत्तम देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा, हिंदीतून, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांच्यासह. महोत्सव आला तो १९८३ साली, म्हणजे रोजची सवय लागल्यानंतर. सोमवार सोडला तर तिथे आठवडाभर नाटक असतं, आणि नवख्या संस्थेलाही झेपेल असा व्यवहार ठेवलेला असतो. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी जागा, मग सवय, मग उत्सव. आपल्याकडची बहुतेक प्रतिष्ठानं उत्सवापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. लग्न थाटात लावायचं आणि संसाराला भांडं द्यायचं नाही, अशातली गत.

कर्नाटकात हेग्गोडू नावाचं खेडं आहे, शिमोगा जिल्ह्यात, सुपारीच्या बागांमध्ये. के. व्ही. सुब्बण्णा आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे १९४९ साली ‘नीनासम’ सुरू केली. १९८० मध्ये नाट्यशाळा काढली, १९८५ मध्ये ‘तिरुगाट’ ही फिरती मंडळी. दरवर्षी नवी नाटकं बसवायची, पावसाळ्यात तालमी करायच्या आणि नंतर कर्नाटकभर फिरायचं. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा अनेकांनी हेग्गोडू नकाशावर शोधलं. तिथेही शिबिरं होतात, बाहेरचे पाहुणे येतात, चर्चा रंगतात. पण त्या सगळ्याच्या मुळाशी कमावते नट आहेत, ज्यांना काही महिने तरी पगार आहे. पाहुणे परतल्यावर तालमीची जागा ओस पडत नाही.

महाराष्ट्रातही असा एक प्रयत्न झाला होता, त्याची आठवण आता फारशी कुणी काढत नाही. ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग १९७३ च्या सुरुवातीला थांबवले गेले आणि त्या वादातून पुण्यात ‘थिएटर अ‍ॅकॅडमी’ जन्मली. या संस्थेने सतीश आळेकरांच्या पुढाकाराने फोर्ड फाउंडेशनच्या मदतीवर १९८५ ते १९९४ या काळात दोन योजना राबवल्या. एक नाटककारांसाठी, दुसरी ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांच्या उभारणीसाठी. अमेरिकी पैसा घ्यावा का, यावर नाटकवाल्यांत त्या काळी कडाक्याचे वाद झाले. ते वाद पोकळ नव्हते. पण योजनेचा रोख पाहा. पैसा लेखकाला नाटक लिहिण्यासाठी आणि संस्थेला उभं राहण्यासाठी होता, रोषणाईसाठी नव्हता. आज तशी परदेशी मदत एका संस्थेने घेऊन दहा छोट्या संस्थांना वाटायची म्हटली, तर २०२० च्या कायदादुरुस्तीने तो रस्ताच बंद केला आहे. म्हणजे देशी पैशाकडेच वळायला हवं.

देशी पैसा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला आणि संस्कृतीचं जतन आहे, पारंपरिक कला आहेत. आजच्या लेखकाने आज लिहिलेलं नाटक त्यात बसतं का, हे कंपनीचा सनदी लेखापाल ठरवतो, आणि लेखापाल शंका असेल तिथे नाही म्हणतो. गंमत अशी की शासनाच्या जून २०१४ च्या परिपत्रकात मॅरेथॉन, पुरस्कार यांसारखे एकदाच होऊन संपणारे कार्यक्रम या खर्चात धरू नयेत असं म्हटलेलं होतं. कायदा करणाऱ्यांना जे कळलं ते नाट्यक्षेत्राला का कळू नये, असा प्रश्न मला पडतो. पण मग महोत्सवांना पैसा येतो कुठून? पुष्कळदा तो कंपनीच्या जाहिरात खात्यातून येतो. तिथल्या माणसाला फलक किती मोठा आणि किती डोकी मोजता येतील एवढंच विचारायचं असतं. त्याचं काम तेच आहे, त्याला दोष कसा द्यायचा? दोष आहे तो त्याच्या प्रश्नांना नाट्यसंस्थेचं धोरण मानणाऱ्या विश्वस्तांचा.

पैसा देणाऱ्याचा साचा नाटकात उतरतोच. संगीत नाटक अकादमीने १९८४ पासून दहा वर्षं तरुण दिग्दर्शकांना साहाय्य देणारी योजना चालवली. लोकपरंपरेशी नातं सांगणारं नाटक करा, ही त्यातली अपेक्षा. काही चांगली कामं निघाली. पण लवकरच देशभर रंगमंचावर ढोल, छत्र्या, मुखवटे आणि गोल फिरणारे कोरस दिसू लागले, कारण अर्जाला ते मानवत होतं. आज महोत्सवांचाही असा एक साचा तयार झाला आहे. दीड तासाचं नाटक, चार-पाच नट, दोन पेट्यांत मावणारं नेपथ्य, रेल्वेच्या एका डब्यात बसणारा संघ, आणि भाषा न कळणाऱ्यालाही पुरतील अशी दृश्यं. यातही उत्तम नाटकं होतात. पण पंधरा पात्रांचं, तीन अंकी, बोलघेवडं, एका गावच्या बोलीत रुतलेलं नाटक लिहायला घेणाऱ्या मुलीला आपण काय सांगतो? पात्रं कमी कर, एवढंच. संघाला मांडामांडीला दोन तास मिळतात, प्रकाशयोजना तिथे जे दिवे टांगलेले असतील त्यांत बसवायची, उद्घाटन लांबलं तर प्रयोग पाऊण तास उशिरा सुरू करायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो परत.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे, आणि ते वजनदार आहे. महोत्सव नसते तर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला रतन थिय्याम, हबीब तन्वीर, कावालम नारायण पणिक्कर कुठे दिसले असते? कोलकात्यात ‘नांदीकार’ने १९८४ पासून राष्ट्रीय नाट्यमेळा भरवला, त्रिशूरचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००८ पासून आहे, दिल्लीचा भारत रंग महोत्सव १९९९ पासून. मराठी रंगकर्मी तिथे गेले, बाहेरचं पाहून आले आणि बदलले. हे मला पूर्ण मान्य आहे. दूरचं नाटक जवळ आणणं हे महोत्सवाचं खरं काम, आणि ते दुसऱ्या कुणाला इतकं चांगलं जमत नाही. पण आपल्याच शहरातली पाच नाटकं आपल्याच शहरातल्या नाट्यगृहात ओळीने लावणाऱ्या महोत्सवाने काय दूरचं जवळ आणलं? ती नाटकं आम्ही रविवारी तिकीट काढून पाहिली असती. महोत्सवात फुकट पास मिळतात, म्हणून उलट रविवारचं तिकीट खपत नाही. महोत्सवाच्या चार दिवसांत भरलेलं नाट्यगृह पुढच्या शनिवारी त्याच नाटकाला अर्धंही का भरत नाही, याची चौकशी कुठल्याही अहवालात केलेली मी पाहिलेली नाही.

खरं तर उत्सवावर नाटक कसं जगवायचं हे महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. सिंधुदुर्गात कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर अशा दशावतारी मंडळांचा पेटारा घराबाहेर पडतो. आज या देवळात, उद्या त्या. कोणत्या जत्रेला कोणतं मंडळ, हे पुष्कळ ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. मध्यरात्री आख्यान लागतं, संहिता हातात नसते, संवाद जागच्या जागी रचले जातात, पहाटे दहीकाल्याने रात्र संपते. सकाळी झोप पुरी होते न होते तोच पुढच्या गावची गाडी. एकेका जत्रेचं मानधन पाहिलं तर फार नाही. पण जत्रांची माळ सलग लागते, म्हणून मंडळ तगतं, आणि रोज रात्री उभं राहून नट घडतो.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर न्यास नाही, प्रतिष्ठान नाही. गडचिरोली जिल्ह्यात वडसा, म्हणजे देसाईगंज, तिथे नाट्यमंडळांची कार्यालयं थाटलेली असतात. भाऊबीजेपासून होळीपर्यंत मोसम चालतो. मंडईची जत्रा किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असली की गावचं मंडळ येऊन नाटक ठरवतं, तिकिटं गावच विकतं, तंबूत रात्रभर खेळ होतो. तिथले ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरी वर्तमानपत्रांनी झाडीपट्टी म्हणजे काय ते वाचकांना समजावून सांगितलं. त्या नाटकांचा दर्जा, त्यातली हिंदी सिनेमाची गाणी, यावर नाकं मुरडणारे असतील, आणि मीही कधी कधी मुरडतो. पण तिथल्या नटाला नाटकाच्या नाईटवर काही महिने तरी घर चालवता येतं. प्रायोगिक रंगभूमीवरच्या किती जणांना हे म्हणता येईल?

शहरी प्रतिष्ठानांनी जत्रेची नक्कल करावी असं मी म्हणत नाही. पण जत्रेतलं एक तत्त्व उचलता येईल: एका रात्रीला मोठं मानधन देण्याऐवजी सलग रात्री जोडून द्या. सांगली, लातूर, अकोला, पणजी, बेळगाव इथल्या पाच संस्थांनी मिळून एका नाटकाला पाच आठवड्यांत पाच प्रयोग दिले, तर त्या नाटकाचं जे होईल ते कुठल्याही भव्य महोत्सवातल्या एका प्रयोगाने होणार नाही. तिसऱ्या प्रयोगाला नटाला आपली भूमिका सापडू लागते, हे नाटक केलेल्या कुणालाही विचारा. आपल्याकडची बरीच नाटकं तिसऱ्या प्रयोगापर्यंत पोचतच नाहीत.

मग एक जागा द्या. नवं वातानुकूलित संकुल नको. त्याचं भूमिपूजन होतं, गळती लागते आणि दुरुस्तीची निविदा निघते. उंच छताची, लाकडी किंवा निदान सपाट फरशीची, रात्री साडेदहापर्यंत उघडी राहणारी साधी खोली हवी. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारख्या लहान जागेने किती नाटकांना पाय ठेवायला जमीन दिली, हे तिथे नाटक केलेल्यांना माहीत आहे. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेव्हा शाहू महाराजांनी बांधलेली ती वास्तू म्हणजे काय होतं हे गावाला एका रात्रीत कळलं. माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. महोत्सव रद्द झाला म्हणून कुणी असं रडल्याचं ऐकिवात नाही.

आणि माणसांवर खर्च करा. साहित्य रंगभूमी प्रतिष्ठानसारख्या संस्था तरुण रंगकर्मींना शिष्यवृत्ती देतात, तो पैसा कुठल्याही फलकापेक्षा जास्त दूर जातो. पण नट-दिग्दर्शकांच्या पलीकडे आणखी कुणी आहे. नाट्यसंस्थेत पत्रव्यवहार करणारा, परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र वेळेत आणणारा, नाट्यगृहाच्या तारखांसाठी खेटे घालणारा, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करणारा माणूस. हा माणूस नेहमी फुकट काम करतो, नोकरी सांभाळून करतो, आणि चाळिशीनंतर थकून बाजूला होतो. मग संस्था बंद पडते आणि आपण म्हणतो, नवी पिढी येत नाही. त्याला पगार देणारं अनुदान मी आजवर पाहिलेलं नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

आश्रयदात्याच्या लहरीवर नाटक सोपवण्याचा धोका मराठी रंगभूमीने अगदी जन्मतःच अनुभवला आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आधाराने. चिंतामणराव १८५१ मध्ये गेले, दरबारचा हात सुटला, आणि भाव्यांना कंपनी घेऊन गावोगाव फिरावं लागलं, मुंबईला तिकीट लावावं लागलं. मराठी नाटक स्वतःच्या पायावर उभं राहिलं ते तिथून. १९२१ मध्ये तर बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या संयुक्त ‘मानापमान’ने टिळक स्वराज्य फंडाला पैसा मिळवून दिला. म्हणजे त्या काळी नाटक देणगी मागत नव्हतं, देत होतं. ते दिवस परत आणा असं म्हणण्यात अर्थ नाही. सिनेमा आला, दूरचित्रवाणी आली, हातातला फोन आला. पण आश्रय घ्यायचाच, तर तो जाईल तेव्हा मागे काय उरेल हे घेतानाच विचारलं पाहिजे. महोत्सवाचा प्रायोजक गेला की मागे काही उरत नाही. खोली असली तर निदान खोली उरते.

दरवर्षी पावसाळा सरता सरता पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका होतात. महाराष्ट्रीय कलोपासकांनी ही स्पर्धा १९६३ पासून चालवली आहे. त्याआधीचे दोन महिने महाविद्यालयांचे वर्ग, जिने, वाहनतळ सगळीकडे तालमी चालू असतात. घोषणा, भांडणं, रडारड, आणि मधूनच एखादा खरा लेखक. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि आठवडाभर सगळेच दर्जावर बोलले. पण करंडक मिळो न मिळो, अंतिम फेरीच्या दुसऱ्या दिवशी या मुलांचं काय होतं? महाविद्यालय पुन्हा वर्ग भरवायला लागतं, हॉलला कुलूप लागतं, आणि नुकताच एकमेकांचा श्वास ओळखू लागलेला संघ पांगतो. एखाद्या प्रतिष्ठानने पुढच्या वर्षीच्या महोत्सवातली एकच संध्याकाळ कमी करावी, आणि तेवढ्या पैशात ऑक्टोबर ते मार्च अशा दोन-तीन संघांना रोज संध्याकाळी एक खोली, एक दिवा आणि गावात तीन प्रयोग द्यावेत. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं हा प्रश्नच येणार नाही.